चालू रेल्वेवर ओव्हरब्रिज: आधी ब्लॉक ठरवा, मग पूल

बडोद्यातल्या कुठल्याही रेल्वे ओव्हरब्रिजची लांबी मोजली, तर रुळांच्या डोक्यावरचा भाग त्यात फार थोडा निघतो. सहाशे-सातशे मीटरच्या पुलात तो असतो जेमतेम ३० ते ४० मीटर. बाकी सगळा चढ आणि उतार. तरी काम अडतं ते याच मधल्या तुकड्यापाशी. दोन्हीकडचे चढ तयार, मध्ये मोकळी जागा, आणि फाटकात उभे असलेले लोक विचारतात, एवढंसं जोडायला इतकी वर्षं का?

कारण या तुकड्यासाठी लागणारी सगळ्यात दुर्मीळ गोष्ट बाजारात मिळत नाही. ती म्हणजे ब्लॉक. रेल्वे ठरावीक वेळ त्या मार्गावर गाडी सोडत नाही, तो ट्रॅफिक ब्लॉक. वरच्या तारांमधला २५ हजार व्होल्टचा पुरवठा बंद करते, तो पॉवर ब्लॉक. बडोदा हे मुंबई-अहमदाबाद आणि मुंबई-दिल्ली हे दोन मार्ग फुटतात ते जंक्शन. इथे दोन-अडीच तास रूळ रिकामे मिळवणं म्हणजे अनेक गाड्यांचं वेळापत्रक हलवणं. त्यामुळे नकाशावर पहिली रेघ मारताना एकच प्रश्न विचारायचा: हे काम ब्लॉकशिवाय होईल का, आणि नसेल होत तर किती मिनिटांत? पायर (पुलाचा खांब) कुठे, गर्डर (आडवी तुळई) कोणता, क्रेन केवढी, शटरिंग (काँक्रीटचा साचा) कसं, ही सगळी उत्तरं त्या एका प्रश्नातून निघतात.

वरून की खालून

खालून जाणं स्वस्त पडतं. चढ नको, जमीन कमी लागते, आणि तयार काँक्रीट बॉक्स रुळांखाली सरकवता येतो. पण अलकापुरीच्या गरनाळ्याची (रुळांखालच्या रस्त्याची) पावसाळ्यातली अवस्था बडोदेकरांना सांगायला नको. सपाट जमीन आणि विश्वामित्री नदी तुडुंब भरलेली, अशा वेळी गरनाळ्यातलं पाणी पंपाने उपसायचं म्हटलं तरी सोडायचं कुठे? ज्या रस्त्यावरून अँब्युलन्स, बस आणि माल जायचा, तिथे वरूनच जावं हे माझं ठाम मत आहे. मात्र पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खालून छोटा सबवे किंवा जिने असलेला पादचारी पूल त्याच आराखड्यात हवा. नऊ मीटर चढून पलीकडे उतरायला कोणी तयार होत नाही. फाटक बंद झालं की माणसं रूळ ओलांडू लागतात, आणि पूल झाल्यावरही त्या जागी जीव जात राहतात.

रेल्वे आपला वाटा कधी देते, याचं माप टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट. २४ तासांतल्या गाड्या गुणिले फाटकातून जाणाऱ्या वाहनांची एककं. गणती सलग सात दिवसांची, आणि तिची सरासरी धरतात. रोज १०० गाड्या आणि १,००० वाहनएककं असतील तर १ लाख होतात, आणि हाच आकडा रेल्वे व राज्य सरकार यांच्यात निम्मा-निम्मा खर्च वाटून ओव्हरब्रिज करण्याचा जुना निकष आहे. मुख्य मार्गावर तो सहज ओलांडला जातो. रिक्षा आणि सायकलरिक्षा अर्धं एकक धरतात, त्यामुळे नुसती वाहनं मोजून गुणाकार केला तर उत्तर फुगतं आणि प्रस्ताव परत येतो.

उंचीचा हिशेब

नागरिकांना सगळ्यात कमी सांगितला जातो तो हा भाग, आणि दुकानं, घरं, वळणं यांचं भवितव्य इथेच ठरतं.

विद्युतीकरण झालेल्या नेहमीच्या मार्गावर रुळाच्या माथ्यापासून गर्डरच्या तळापर्यंत किमान ६.५२५ मीटर मोकळे ठेवण्याचा प्रघात आहे. खडी भरताना आणि टॅम्पिंग करताना (ती ठोकून घट्ट करताना) रूळ वर्षानुवर्षं थोडे थोडे वर येत जातात, त्याची सोय यात धरलेली असते. दुमजली कंटेनर जाणाऱ्या मार्गांवर तार खूप उंच असते आणि उंचीची मागणी त्याहून बरीच जास्त. बडोद्याजवळून पश्चिमेचा मालवाहतूक कॉरिडॉर जातो, म्हणून आपला मार्ग त्याला जोडलेला आहे का, हे अगदी पहिल्या पत्रातच विचारून घ्यावं.

आता बेरीज. मोकळी उंची ६.५२५, कॉम्पोझिट गर्डर १.८, डेक स्लॅब (रस्त्याचा काँक्रीट थर) ०.२५, वरचा डांबरी थर ०.०७५, आडवा उतार आणि कॅम्बरसाठी (मधल्या उभारासाठी) ०.१. झाले ८.७५ मीटर. रुळाचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक मीटर उंच धरला, तर रस्ता जमिनीपासून ९.७५ मीटरवर गेला. मिश्र वाहतुकीसाठी चढ ३० ला १ ठेवतात. म्हणजे एका बाजूला सुमारे २९० मीटर, शिवाय माथ्यावरचा आणि पायथ्याचा गोलावा. सायकलींचा विचार करून ४० ला १ धरलं तर तोच चढ ३९० मीटर होतो.

या हिशेबात एक मीटर उंची वाचली की दोन्ही बाजूंची मिळून ६० मीटर लांबी वाचते. शहरात ६० मीटर म्हणजे दुकानांची एक सबंध ओळ. बो-स्ट्रिंग गर्डरचं महत्त्व इथे आहे. त्यात वरची कमान भार घेते आणि रस्ता खाली लटकतो, त्यामुळे रस्त्याखालची जाडी मीटर-सव्वा मीटरमध्ये बसते. पोलाद जास्त लागतं आणि उभारणी किचकट होते, पण जमीन संपादनातल्या अडचणी पाहता दाट वस्तीत तो पर्याय आधी तपासावा. लखनौच्या आरडीएसओकडे (रेल्वेची संशोधन व मानक संस्था) ३६ मीटर आणि त्यापुढच्या गाळ्यांचे (दोन पायरांमधल्या अंतरांचे) बो-स्ट्रिंगचे प्रमाणित आराखडे आहेत. ते घेतले तर तपासणीचे महिने वाचतात. काही तरी वेगळं करून दाखवण्यासाठी नवं डिझाइन काढण्याची ही जागा नाही.

उंची आधी पक्की केली नाही की काय होतं, हे मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाने दाखवलं. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याचा मेळ बसत नव्हता. रुळांवरची मोकळी उंची नव्या नियमाने वाढली होती, जुना उड्डाणपूल जुन्याच पातळीवर होता. शेवटी बर्फीवालाचे गाळे जॅक लावून उचलावे लागले. जुन्या चढाला नवा मधला गाळा जोडणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण समोर ठेवावं.

उंचीत आणखी एक बारीक अडचण आहे. गाडीचा पँटोग्राफ जिला घासतो ती तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर असते, पण तिला तोलून धरणारी वरची तार तारांच्या खांबापाशी तिच्याही १.४ मीटर वर असते. बेरीज ७ मीटरच्या आसपास गेली, आणि पुलाचा तळ तर ६.५२५ वर. जमतं ते यामुळे की दोन खांबांच्या मध्यावर वरची तार झोळ घेऊन खाली येते. म्हणून पूल दोन खांबांच्या मध्याजवळ यावा असं बघतात. नाही आला तर खांब सरकवायचे आणि तारांची मांडणी बदलायची. जिवंत तार आणि पुलाचा कुठलाही भाग यांत किमान ३२० मिलिमीटर अंतर हवं. हे काम रेल्वेचा ट्रॅक्शन (गाड्यांच्या वीजपुरवठ्याचा) विभाग करतो, त्याला स्वतंत्र ब्लॉक लागतात, आणि गर्डर चढवायच्या आधी ते पूर्ण व्हावं लागतं. पुष्कळ वेळापत्रकांत ही ओळच नसते.

जीएडी: सगळ्यांच्या सह्यांचा एकच कागद

जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, बोलण्यात जीएडी. पायर कुठे, गाळा किती, उंची किती, हे सगळं या एका नकाशावर. तो डिव्हिजनच्या प्रतापनगर कार्यालयातून चर्चगेटला, पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयात, जातो आणि वाटेत इंजिनीअरिंग, सिग्नल व टेलिकॉम, ट्रॅक्शन, ऑपरेटिंग, जमीन आणि बांधकाम शाखा अशा प्रत्येकाकडे थांबतो. एकाने शेरा मारला की नकाशा बदलतो आणि बाकीच्यांच्या सह्या पुन्हा. त्यामुळे नकाशा पाठवण्यापूर्वी सगळ्या विभागांच्या माणसांना एकाच दिवशी जागेवर उभं करून संयुक्त पाहणी करावी आणि तिची टिपणी तिथल्या तिथे सही करून घ्यावी. यात जाणारा एक दिवस पुढचे कित्येक महिने वाचवतो.

जीएडी परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे भविष्यातल्या लाइनींसाठी जागा न सोडणं. आज दोन लाइनी असल्या तरी तिसरी आणि चौथी धरावी लागते. दोन लाइनींच्या मध्यरेषांत ५.३ मीटर, म्हणजे चार लाइनींसाठी १५.९ मीटर. बाहेरच्या लाइनीपासून दोन्हीकडे नाली, केबल, खांब आणि पायरची जाडी मिळून सहा-सहा मीटर धरले तर २८ मीटर होतात. रस्ता रुळांना काटकोनात नसेल आणि ३० अंशांनी तिरका असेल, तर तेच अंतर ३२ मीटरवर जातं. गाळा ३६ का घ्यावा लागतो हे या आकड्यांवरून कळेल. दुसरं कारण सिग्नल. लोको पायलटला लांबून दिसायला हवा तो सिग्नल नव्या पायरमागे किंवा गर्डरमागे झाकला जातो. मग सिग्नल सरकवायचा, आणि सिग्नल सरकवणं म्हणजे आणखी एक मंजुरी.

चालू मार्गावर परिणाम करणाऱ्या कामाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. अर्जासोबत उभारणीची पद्धत, क्रेनचा तक्ता, तात्पुरत्या आधारांचं डिझाइन आणि वेगमर्यादेचा तपशील जातो. गर्डर तयार झाल्यावर अर्ज करायला बसलात, तर तो यार्डात गंजत पडेल. फॅब्रिकेशन सुरू होतानाच अर्जाचे कागद तयार करायला घ्यावेत.

रुळांशेजारी खोदताना

पायाखोदाईत सगळ्यात आधी काय तुटतं? केबल. रुळांशेजारून सिग्नलच्या, टेलिफोनच्या आणि ऑप्टिकल फायबरच्या केबली जातात. नकाशावर त्या सरळ रेषेत असतात, जमिनीत तशा नसतात. म्हणून रेल्वेची संयुक्त कार्यपद्धती ठरलेली आहे: खोदण्याआधी सिग्नल, टेलिकॉम आणि इलेक्ट्रिकल या तिन्ही विभागांना लेखी कळवायचं, त्यांचा माणूस हजर ठेवायचा, मग हाताने चाचणी खड्डे घ्यायचे. दीड मीटर खोलीपर्यंत कुदळ-फावडं, त्यानंतर मशीन. एक सिग्नल केबल तुटली की सिग्नल लाल होतात, गाड्या जागच्या जागी थांबतात, आणि पुढच्या ब्लॉकची मागणी करायला तोंड राहत नाही.

बडोद्याच्या भागात काळी माती आणि गाळाची माती भेटते, त्यामुळे पाया बहुधा पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीट खांबांचा. १ ते १.२ मीटर व्यासाचे, जागेवर ओतलेले. पाइलिंग रिगचा, म्हणजे पाइलचं भोक पाडणाऱ्या यंत्राचा, डोल वीस मीटरच्या घरात जातो. तो रुळांच्या बाजूला कलला तर तारेवरच पडणार. रिग उभी राहायची ती जागा खडी टाकून, दाबून, सपाट केलेली हवी, आणि डोल उभा-आडवा करताना त्याची दिशा रुळांना समांतर हवी. जिवंत तारेपासून माणूस आणि अवजार दोन्ही किमान २ मीटर दूर. त्याच्या आत यायचं असेल तर पॉवर ब्लॉकशिवाय नाही.

बेंटोनाइटकडेही नीट लक्ष हवं. पाइलच्या भोकात भरलेला हा चिखल टाकीतून ओसंडून रुळांखालच्या खडीत गेला, की खडीचा निचरा बंद होतो. त्या जागी पहिल्या पावसात स्लीपरखालून चिखल उसळायला लागतो आणि रुळांची पातळी बसते. टाकी रुळांच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि मध्ये मातीचा बांध घाला.

पाइल कॅपसाठी (पाइलच्या डोक्यावरच्या काँक्रीट ठोकळ्यासाठी) खड्डा घेताना रुळांच्या बाजूला शीट पाइल (पोलादी पत्र्यांची भिंत) किंवा आडव्या फळ्या लावलेले पोलादी खांब, आणि रुळांची पातळी दिवसातून दोनदा मोजणं. मोजमाप रेल्वेच्या पी-वे (रूळ देखभाल) विभागाच्या माणसासोबत आणि सहीनिशी व्हावं. उन्हाळ्यात आणखी एक जोखीम असते. अखंड जोडलेल्या रुळांमध्ये उष्णतेने दाब साचतो आणि खडीचा खांदा (स्लीपरच्या टोकाबाहेरची खडी) त्यांना आवरून धरतो. रुळांचं तापमान त्यांच्या ताणमुक्त तापमानापेक्षा १० अंशांहून वर गेलं, की खडीला हात लावायचा नाही हा देखभालीचा नियम आहे. मे महिन्यातल्या दुपारी खड्ड्यासाठी खांद्याची खडी बाजूला ओढली, तर रूळ वाकून बाहेर येऊ शकतात. खोदाई मेमध्ये टाळता येत नसेल तर ती पहाटे करा. पाया मात्र पावसाळ्यापूर्वी जमिनीबाहेर यायलाच हवा, कारण पाण्याने भरलेला खड्डा रुळांशेजारी चार महिने ठेवता येत नाही.

गर्डर कारखान्यात नीट झाला तरच जागेवर बसतो

ब्लॉकमध्ये भोकं जुळवत बसायला वेळ नसतो. त्यामुळे कारखान्यातली जुळवणी ही या कामाची खरी परीक्षा. फॅब्रिकेशन रेल्वेच्या बी-१ कोडप्रमाणे मान्यताप्राप्त कारखान्यात होतं. वेल्डिंगची पद्धत आधी लिहून मंजूर करायची, मग सांध्यांची अल्ट्रासोनिक आणि रेडिओग्राफी तपासणी. त्यानंतर पूर्ण गाळा कॅम्बरसकट यार्डात एकदा जोडून बघायचा आणि प्रत्येक सांध्यावर जुळणीच्या खुणा ठोकायच्या. या खुणा रंगाने केल्या तर वाहतुकीत पुसल्या जातात. घाई असली की कंत्राटदार ही चाचणी-जुळवणी अर्ध्याच गाळ्याची करतो, आणि मग जागेवर बोल्ट जात नाही म्हणून गॅसकटरने भोक मोठं केलं जातं. असा सांधा मी तरी स्वीकारणार नाही. रीमरने जेवढं साफ होईल तेवढंच.

उच्च ताणाच्या घर्षण बोल्टांचा सांधा पट्ट्यांच्या घर्षणावर चालतो, बोल्टच्या कापणीवर नाही. म्हणून सांध्याच्या आतल्या पृष्ठभागावर रंग, तेल किंवा चिखल काहीही चालत नाही. ताण आला की नाही हे कळायला दाब दाखवणारे वॉशर वापरतात. फटीत फीलर (पातळ पट्टी) घालून प्रत्येक बोल्ट तपासायचा. गर्डरच्या माथ्यावरचे शिअर स्टड (स्लॅबला धरून ठेवणाऱ्या खुंट्या) हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर वेल्ड कच्चा.

अडीच तास

समजा ३६ मीटरचे दोन गर्डर, मीटरला एक टन धरून ३६-३६ टनांचे. ते एकेकटे चढवायचे की जोडीने? एकटा उभा प्लेट गर्डर आडव्या दिशेने फार लवचिक असतो. बेअरिंगवर (गर्डर टेकतो त्या आधारावर) ठेवून स्लिंग सोडली आणि तो कलंडला, तर खाली मुख्य लाइन आहे. म्हणून दोन गर्डर जमिनीवरच आडव्या ब्रेसिंगने जोडून जोडीने उचलणं मला जास्त सुरक्षित वाटतं. जोडीचं वजन ८० टनांच्या घरात गेलं. दोन क्रेन लावल्या, तर प्रत्येकीवर ४० टन आणि हूक-स्लिंगचे ३, म्हणजे ४३. दोन क्रेन मिळून उचलताना भार सारखा वाटला जात नाही, म्हणून तक्त्यातल्या क्षमतेच्या ७५ टक्केच धरायचे. म्हणजे प्रत्येक क्रेनच्या तक्त्यात, त्या त्रिज्येवर, किमान ५७ टन दिसायला हवेत.

‘२०० टनी क्रेन आहे, ८० टनांचं काय घेऊन बसलात’ हे वाक्य साइटवर ऐकू येतं. २०० टन हा आकडा बूम जवळपास उभा आणि हूक क्रेनच्या अगदी शेजारी असतानाचा. २० मीटर त्रिज्येवर त्याच क्रेनची क्षमता साधारण पाचवा हिस्सा उरते, चाळीसच्या आसपास. आपल्याला ५७ हवेत. म्हणजे त्याहून बऱ्याच मोठ्या, ४०० ते ५०० टनांच्या वर्गातल्या क्रेन बघाव्या लागतात, किंवा क्रेन पायरच्या जवळ आणता येईल अशी जागा करावी लागते.

क्रेनच्या पायांखालची जमीन हाही तितकाच महत्त्वाचा हिशेब. एका आउटरिगरवर ८० टन आले आणि खाली २ बाय २ मीटरची मॅट असली, तर चौरस मीटरला २० टन. ताजी भरणी १० टनही धड पेलत नाही. मग मॅट ८ चौरस मीटरहून मोठी करा किंवा जमीन दाबून, खडी भरून घट्ट करा. पाइल कॅपभोवती परत भरलेली माती वरून सपाट आणि भक्कम दिसते, आत मात्र पोकळ असते. आउटरिगर तिच्यावर आला की बूम कलतो. कॅपच्या कडेपासून पाय दूर ठेवा, आणि आदल्या दिवशी तेवढाच भार देऊन बघा.

जोडी जमिनीपासून १५ सेंटिमीटर उचलून काही मिनिटं धरायची ही चाचणी ब्लॉकच्या आधीच करायची, रुळांपासून दूर. स्लिंग, शॅकल, ब्रेक, पायांखालची जमीन, सगळं तिथेच कळतं.

मग ब्लॉक. शेवटची गाडी गेल्यावर स्टेशन मास्तर आणि सेक्शन कंट्रोलर लाइन बंद करतात. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर पुरवठा तोडतो, आयसोलेटर उघडतात, ट्रॅक्शनची माणसं कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने तारा अर्थ करतात आणि लेखी परमिट हातात देतात. सिग्नलचं काही खोलायचं असेल तर टी-३५१ चा फॉर्म वेगळा. यात २० ते २५ मिनिटं जातातच. म्हणजे अडीच तासांतले सव्वादोनही उरत नाहीत, तेव्हा कुठे कामाला सुरुवात होते. पुढे गर्डर फिरवणं आणि बेअरिंगच्या वर आणणं यात ४० मिनिटं. पिना घालणं, बोल्ट आवळणं, कलंडू नये म्हणून आधार देणं, अर्धा तास. स्लिंग सोडून बूम रुळांवरून मागे घेणं, २० मिनिटं. माणसं आणि हत्यारं मोजणं, अर्थिंग काढणं, परमिट परत करणं, पुरवठा सुरू करणं, आणखी २५. बेरीज केली तर हातात दहा-पंधरा मिनिटंच उरतात.

म्हणून एक वेळ आधीच लिहून ठेवायची: ब्लॉक सुरू झाल्यापासून ६० व्या मिनिटापर्यंत गर्डर रुळांच्या हद्दीत शिरला नाही, तर आज तो शिरणार नाही. हा निर्णय घेण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असायला हवं. अर्ध्यावर लटकलेला गर्डर आणि संपत आलेला ब्लॉक ही सगळ्यात वाईट स्थिती. ब्लॉक वाया गेला तर पुढचा मिळतो. वाऱ्यालाही तीच शिस्त. बहुतेक मोठ्या क्रेनना सेकंदाला ९-१० मीटरच्या पुढे भार उचलायची परवानगी नसते, आणि मे-जूनच्या संध्याकाळी बडोद्यात वारा अचानक उठतो. बूमच्या टोकावर वारामापक हवाच. दिवाळी आणि छठच्या गर्दीत मोठे ब्लॉक जवळपास मिळत नाहीत, म्हणून त्या आठवड्यांत उभारणी ठरवूच नये.

गर्डर बसल्यावर

वर डेक स्लॅब ओतायचा म्हणजे शटरिंग आलं, आणि लाकडी शटरिंग काढायला पुन्हा ब्लॉक. त्यापेक्षा गर्डरांमध्ये कायमचे पन्हळी पोलादी पत्रे बसवावेत, म्हणजे ते काढायचा प्रश्नच येत नाही. पत्र्यांच्या फटी टेपने बंद करा. सिमेंटचं पाणी तारेच्या इन्सुलेटरवर गळलं तर तिथे पुढे ठिणग्या पडतात. गर्डरला दोन ठिकाणी अर्थिंग हवं.

रुळांच्या वर पावसाच्या पाण्याचा एकही नळ खाली सोडायचा नाही. पाणी आडव्या पाइपने पायरपर्यंत न्यायचं. एक्स्पान्शन जॉइंटही (गाळ्यांमधला प्रसरण-सांधा) रुळांवर येऊ देऊ नये, कारण जॉइंट कधी ना कधी गळतोच. कठड्याला लागून किमान दोन मीटर उंच आडोसा हवा, नाहीतर कोणी तार-काठी खाली सोडतं आणि २५ हजार व्होल्ट हातात येतात.

चढांच्या बाजूला रीइन्फोर्स्ड अर्थची (मातीत पट्ट्या घालून धरलेली) भिंत असेल, तर आतली भरणी पाणी जाऊ देणारी आणि वाळूसारखी हवी. काळी माती अजिबात नाही. २०० मिलिमीटरचे थर, आणि भिंतीच्या पॅनेलपासून दीड मीटरच्या आत फक्त हलका रोलर. जड रोलर तिथे नेला की पॅनेल बाहेर फुगतं, आणि फुगलेलं पॅनेल परत आत जात नाही.

बेअरिंगकडे माणसाला पोचता येईल अशी जागा आणि गर्डर उचलायला जॅक बसेल असा सपाट ओटा पायरच्या माथ्यावर आजच ठेवा. ९ जुलै २०२५ ला पाद्र्याजवळचा महीवरचा गंभीरा पूल कोसळला, तेव्हा पेडेस्टल (बेअरिंगखालचा ओटा) आणि आर्टिक्युलेशन (गाळ्यांचा सांधा) चिरडल्याचं प्राथमिक कारण राज्य सरकारने सांगितलं. तो नदीवरचा पूल होता, पण सांध्यापाशी पोचता न येणं हा दोष कुठल्याही पुलाला घातकच. रेल्वेवरच्या पुलात तर बेअरिंग बदलायलाही ब्लॉक लागणार, म्हणून जिना, ओटा आणि पकडायला दांडा हे तिन्ही मूळ नकाशात हवेत.

भार चाचणीत ठरलेला भार २४ तास ठेवून झुकाव मोजतात, भार काढून आणखी २४ तासांनी किती परत आला ते बघतात. सकाळ-दुपारच्या तापमानाचा फरक आकड्यांत मिसळतो, म्हणून भार ठेवण्याआधीही एक दिवस रिकाम्या पुलाचं माप तापमानासकट घ्यावं. रहदारी सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर अ‍ॅप्रोच स्लॅबची (चढ आणि पूल जोडणाऱ्या स्लॅबची) पातळी तपासायची. स्लॅब खाली बसून गाड्या आपटायला लागल्या असतील, तर वर डांबराचा थर चढवून ते झाकू नका. आधी खालची पोकळी ग्राउटने भरा, पाणी कुठून शिरलं ते शोधून तो रस्ता बंद करा, आणि मगच वरची पातळी जुळवा.